पाहुणीकडे बघायचं नाही

"एक गोष्ट आधीच सांगून ठेवते," शेल्टरच्या ताई म्हणाल्या होत्या. "ही तुमच्यासारखी व्हायला वेळ लागेल. तोवर तुम्हीच तिच्यासारखे होऊ नका, म्हणजे मिळवलं."

मी हसले. नुसती हसले नाही, वर म्हणाले, "छे हो, आमचं घर भलतंच बडबडं आहे." त्या वेळी माझ्या एका हातात कुत्रीचा पट्टा होता, दुसऱ्या हातात मुलगी, आणि खांद्यावर त्या दोघींचं सामान. अशा बाईला कुणी इशारे देऊ नयेत. इशारा ऐकायला माणसाचा निदान एक हात तरी मोकळा लागतो.

कुत्री भिजलेल्या पुठ्ठ्याच्या रंगाची होती. एक कान उभा, एक पडलेला, आणि शेपूट असल्याचं नुसतं ऐकून होतो, कारण ती कायम पोटाखाली. एका बंद घरात बऱ्याच कुत्र्यांबरोबर कोंडलेली सापडली होती म्हणे. तिने जिना पाहिला नव्हता, आरसा पाहिला नव्हता, छत्री उघडणारा माणूस तर नव्हताच पाहिला. "दोन घरांनी परत आणून सोडलीय," ताई म्हणाल्या. "आता तिसऱ्यांदा परत आली तर मी तिला कुणाच्या घरी देणार नाही. मागच्या बाजूला पिंजरे आहेत, तिथे राहील. जेवण मिळेल, औषध मिळेल. तेवढंच." महिन्याभराने त्या घरी येऊन बघणार होत्या. कुत्री त्यांना ठीक वाटली तर राहणार, नाहीतर गाडीत बसून परत.

आणि मग त्यांनी नियम सांगितला. तिच्याकडे बघायचं नाही. टक लावून बघणं म्हणजे धमकी, असं असल्या कुत्र्यांना वाटतं. ती घरात नाहीच असं समजून वागायचं. एक दिवस ती आपणहून येईल.

आता आमच्या घरात नियम सांगणं म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक नव्हतं. माझा नवरा फ्रिजबरोबर आलेलं माहितीपत्रक पहिल्या पानापासून वाचतो आणि महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारतो. मी कॉलेजात मानसशास्त्र घेतलं होतं, त्यामुळे एखादी गोष्ट आपल्याला कळलेली नाही, हे मला इतरांपेक्षा बरंच उशिरा कळतं. राहिली आमची ठकी. ती बालवाडीत आहे, आणि नियम मोडणाऱ्याचं नाव बाईंना सांगणं हे सध्या तिचं मुख्य काम आहे.

घरात शिरल्यावर कुत्री सांडलेल्या पाण्यासारखी वाहत गेली ती थेट आतल्या खोलीतल्या पलंगाखाली. गॅलरीला लागून असलेली ही खोली. तिथे कोपऱ्यात ती जी थिजली ती थिजली. ठकीने तिचं नाव पाहुणी ठेवलं, कारण घरी कुणीतरी लाजाळू पाहुणी येणार आहे असं आम्हीच तिला सांगून ठेवलं होतं.

"आई," त्या पहिल्याच दिवशी ठकीने कानात विचारलं, "तिच्याकडे बघायचंच नाही, मग ती कशी दिसते ते आपण विसरलो तर?"

"असं कुणी विसरत नाही," मी म्हटलं. आई झाल्यापासून मी अशी पुष्कळ वाक्यं ठामपणे बोलते.

मग आमचं न बघणं सुरू झालं. नवरा त्या खोलीत जाताना भिंतीकडे तोंड करून, खेकड्यासारखा आडवा जायचा. जेवणाचं भांडं मी पाठमोरी बसून टाचेने मागे सरकवायचे. यात एकदा पाण्याचं भांडं लवंडलं, एकदा माझा पाय मुरगळला, आणि एकदा मी उकडलेलं चिकन नवऱ्याच्या ऑफिसच्या बुटात सरकवून आले, ते त्याला ऑफिसात समजलं. कपाट उघडायचं तर डोळे मिटून, त्यामुळे त्या महिन्यात आम्ही काय काय घालून बाहेर पडलो ते विचारू नका.

नुसतं बघणं बंद करून भागेना. आवाज झाला की पलंगाखालून नखांची खरखर यायची. म्हणून आम्ही एकेक आवाज बंद करत गेलो. दाराची बेल काढली. खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे घातले. सकाळचा मिक्सर बंद केला. वॉशिंग मशीन शेवटच्या गरगरीत घरभर नाचतं, म्हणून मी कपडे हाताने धुवायला लागले. नवऱ्याची शिंक आमच्याकडे प्रसिद्ध आहे, तर तो उशी घेऊन फिरायचा. आणि आम्ही कुजबुजत बोलायला लागलो. कुजबुजत बोलणं एक वेळ जमतं, कुजबुजत भांडणं महाकठीण. समोरच्याला काही लागत नाही, आपल्यालाच खोकला येतो. "ओला टॉवेल पलंगावर कुणी टाकला" हे वाक्य कुजबुजून म्हणून बघा. प्रेमपत्रासारखं वाटतं.

याचा पहिला परिणाम समोरच्या इमारतीत झाला. तिथल्या वहिनींच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या गॅलरीसमोर येते, आणि वहिनींची नजर तेज आहे. एका दुपारी त्या जिन्यात मला गाठून बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे बघ, मनात ठेवू नकोस. आमचंही लग्नानंतर पाच वर्षांनी असंच झालं होतं."

"कसं?"

"असंच. एकमेकांकडे पाठ करून बसणं. तो भिंतीकडे बघतो, तू जमिनीकडे. मधे ते लेकरू."

"अहो वहिनी, ते कुत्रीसाठी आहे. पलंगाखाली असते ती."

वहिनी माझा हात दाबून म्हणाल्या, "तू म्हणशील तसं. पण बोलून टाक गं त्याच्याशी." जाताना त्यांनी आपल्या एका भाच्याचा नंबर दिला. तो जोडप्यांना समजावतो. कुत्र्यांना समजावत असता तर मी लगेच फोन केला असता.

दुसरा सल्ला सासूबाईंचा. त्या दुसऱ्या गावी असतात आणि फोनवर त्यांना मुळातच कमी ऐकू येतं. माझं कुजबुजणं त्यांच्यापर्यंत अजिबात पोचत नव्हतं.

"मोठ्याने बोल गं, घसा बसलाय का?"

"नाही आई, मोठ्याने बोलून चालत नाही."

"कोण नाही म्हणतं? माझा मुलगा? त्याला दे फोन."

त्याने फोन घेतला आणि तोही कुजबुजला. तेव्हा सासूबाईंनी आमच्या दोघांच्या घशांसाठी वाफ घ्यायला सांगितलं. खरा प्रकार ठकीने सांगितला, तेव्हा कुठे त्यांना समजलं. मग म्हणाल्या, "त्यात काय एवढं. याचा एखादा न धुतलेला कपडा तिच्याजवळ टाक. माणसाच्या वासाची सवय होते." हा सल्ला मला एकदम पटला, कारण नवऱ्याचा एक तपकिरी स्वेटर मी लग्नापासून घराबाहेर काढायच्या खटपटीत होते. तो मी त्याच दिवशी, अर्थात पाठमोरी, पलंगाखाली भिरकावला.

इथपर्यंत सगळं थकवणारं होतं, पण सुसह्य होतं. मग सोसायटीचे सेक्रेटरी आले. यांची उमेदीची वर्षं एका कचेरीच्या आवक-जावक विभागात चालली आहेत, आणि घरी आल्यावरही त्यांचं मन तिथेच असतं. बेल काढलेली पाहून त्यांनी दारावर थाप मारली, आत खरखर झाली, आणि मी दार उघडून तोंडावर बोट ठेवलं. हे त्यांना आवडलं नाही.

"तुमच्याविषयी तक्रार आहे," ते म्हणाले. "शेजारून. मोठ्या बाईंकडून. आवाजाबद्दल."

नवऱ्याचा चेहरा उतरला. मोठ्या बाई म्हणजे आमच्या शेजारच्या दारातल्या निवृत्त मुख्याध्यापिका. एकट्याच राहतात. इमारतीतली अर्धी माणसं त्यांच्या हाताखालून गेलीत, माझा नवरा त्यांतलाच. आजही त्यांचं दार वाजलं की हा शर्टाचं वरचं बटण लावतो. मी त्याला कुजबुजत म्हटलं, "जाऊन विचार की त्यांना, नेमकी कसली तक्रार आहे." तो म्हणाला, "तू जा." मी म्हटलं, "विद्यार्थी तू." तो म्हणाला, "म्हणूनच तू जा." शेवटी कुणीच गेलं नाही, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

कारण सेक्रेटरी पुढच्या खेपेला समिती घेऊन आले. ते, खजिनदार, आणि एक सभासद, जो का आला हे चहा होईपर्यंत समजलं नाही आणि चहा झाल्यावर समजलं. तिघेही आतल्या खोलीत उभे राहिले. मी त्यांना भिंतीकडे तोंड करायला सांगितलं. खजिनदारांनी केलंही.

"भुंकवून दाखवा," सेक्रेटरी म्हणाले.

"ती भुंकत नाही हो. आल्यापासून एकदाही भुंकलेली नाही."

"भुंकत नाही तर तक्रार कशी आली?"

"तेच तर मी विचारतेय."

"तक्रार आलीय, त्या अर्थी भुंकते," सेक्रेटरी शांतपणे म्हणाले. "आज भुंकत नसेल तर ते समितीपासून लपवलं, असं धरावं लागेल."

मग ते स्वतः बघायला गुडघ्यांवर बसले, वाकले, आणि त्यांच्या पाठीत काहीतरी धरलं. त्यांना उठता येईना. खजिनदार भिंतीकडे तोंड करून असल्यामुळे त्यांना हे दिसलं नाही. चहावाल्या सभासदांना मात्र एक कल्पना सुचली. कुत्र्याला कुत्र्याचा आवाज ऐकवला की तो उत्तर देतो म्हणे. त्यांनी घसा साफ केला आणि भुंकले. चांगले भुंकले, सराव असावा.

पलंगाखालून उत्तर आलं. दोनदा, खणखणीत.

"नोंद घ्या," खाली अडकलेले सेक्रेटरी म्हणाले.

मी पलंगाची चादर उचलली. खाली, पाहुणीपासून हातभर अंतरावर, तिच्याकडे पाठ करून, आमची ठकी चार पायांवर बसली होती. "पाहुणी घाबरली होती ना," ती म्हणाली, "म्हणून मी तिच्या वतीने भुंकले."

समितीने ते ग्राह्य धरलं नाही. आवाजाची खातरजमा झाली, आवाज कोणी काढला हा मुद्दा अलाहिदा, असं ठरलं. दोघांनी धरून सेक्रेटरींना घरी नेलं, आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सूचना लागली: "प्राण्यांनी लिफ्टमध्ये आवाज करू नये व बटणांशी खेळू नये." थेट प्राण्यांनाच उद्देशून. खाली सेक्रेटरींची सही. माझी ओळख इमारतीत त्यानंतर "ती भुंकणाऱ्या मुलीची आई" अशी झाली.

हे हसण्यावारी नेलं असतं. पण त्यानंतर ठकीच्या बालवाडीतून बोलावणं आलं. तिच्या बाई तरुण आहेत आणि बोलताना मान तिरकी करतात, त्यावरून मला अंदाज आला.

"ती बाकाखाली बसते," बाई म्हणाल्या. "बोलत नाही. मी पाठ फिरवली की बाहेर येते, खाऊ घेते आणि परत आत. घरी... सगळं ठीक आहे ना?"

मी ठीक आहे म्हटलं. ते मी कुजबुजत म्हटलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं.

परत येताना रस्त्यावर कुणीतरी छत्री उघडली आणि मी दचकून भिंतीला चिकटले. किराणावाला "काय ताई, बऱ्याच दिवसांनी" म्हणून माझ्याकडे बघायला लागला, तर मी मान वळवून बिस्किटांच्या डब्यांमागे सरकले. नवऱ्याने संध्याकाळी सांगितलं की साहेबांनी अचानक दार उघडलं तेव्हा तो फायलींच्या कपाटाआड जाऊन उभा राहिला होता, आणि साहेबांनी त्याला रजा घ्यायला सुचवलं आहे. आम्ही दोघं सोफ्यावर एकमेकांकडे पाठ करून बसलो होतो. खरं तर ती पुढची खोली होती. तिथे पाठ करून बसायचं काहीच कारण नव्हतं.

शेल्टरच्या ताईंचं ते वाक्य मला तेव्हा आठवलं, आणि ते हसण्यावारी नेता येईना.

"परत देऊ या," मी कुजबुजले.

"मागचा पिंजरा," नवरा म्हणाला.

"माहितेय मला. पण ठकीचं काय होतंय ते बघतोस ना?"

त्याने बराच वेळ उशीशी चाळा केला. "ताई येतील ना बघायला. तोवर थांबू. त्या नेतील म्हणाल्या तर नेतील. आपण म्हणायला नको."

हे भित्रेपणाचं होतं, पण त्या दिवसांत आमच्या घरात दुसरं काही पिकतच नव्हतं. ताई यायच्या आदल्या दिवशी दुपारी मी पलंगापाशी जमिनीवर, पाठ करून बसले आणि बोलले. आई झाल्यापासून कुणाशी बोलले नव्हते ते सगळं बोलले. म्हटलं, "पाहुणी, मलाही भीती वाटते. ठकी झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघते, अजूनही. जिन्यावरून पडेल, घशात काही अडकेल, शाळेत कुणी बोलणार नाही, सगळंच वाटतं. तू आलीस तर ती धीट होईल असं मला वाटलं होतं. तू वाईट नाहीस. पण उद्या तुला नेलं तर माझ्यावर राग धरू नकोस." पलंगाखाली अगदी शांत होतं. खरखर नाही, काही नाही. मला वाटलं, ऐकतेय. मला इतकं बरं वाटलं की मी थोडी रडलेही, आवाज न करता.

ताई ठरल्या वेळी आल्या. आम्ही त्यांना बाहेर चपलांऐवजी मोजे दिले आणि आतल्या खोलीत नेऊन पाठमोरं बसवलं. नवरा भिंतीकडे, मी दाराकडे, ठकी माझ्या मांडीत तोंड खुपसून. मी कुजबुजत सगळं सांगितलं. बेल काढली, मिक्सर बंद, समितीचा दिवस सोडला तर कुणीही बघितलेलं नाही. "हल्ली तर खूपच शांत झालीय," मी म्हटलं. "खरखर नाही, हलत नाही. एकदम निवांत पडलेली असते." आणि ते म्हणताना मला थोडा अभिमानही वाटला, हे कबूल केलं पाहिजे.

ताई उठल्या, वाकल्या, आणि पलंगाखाली हात घातला. हात बाहेर आला तेव्हा त्यात तपकिरी स्वेटर होता.

"कुत्री कुठे आहे?" ताईंनी विचारलं.

समिती येऊन गेल्यापासून आम्ही तिघांनी पहिल्यांदाच त्या पलंगाखाली बघितलं. रिकामं होतं. कोपऱ्यात एक मोजा आणि ठकीचा हरवलेला रंगीत खडू. आम्ही किती दिवस एका स्वेटरकडे मोठ्या निष्ठेने न बघता काढले होते, ते देवालाच ठाऊक. आदल्या दिवशी मी माझं मन कुणापुढे मोकळं केलं, तेही तेव्हाच ध्यानात आलं. लग्नापासून ज्याला घराबाहेर काढायला बघत होते, त्याच्यापुढे.

"पण भांडं तर रिकामं व्हायचं," नवरा म्हणाला.

"जेवायला येत असेल," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "बाकी वेळ कुठे असते?"

ते आम्हाला माहीत नव्हतं. चौघंही धावत सुटलो. नवऱ्याने कपाटं उघडली, मी बाथरूम, ताई गॅलरीत. गॅलरी! कठडा! चौथा मजला! आणि मग नवरा ओरडला. बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा, पूर्ण आवाजात, प्रसिद्ध शिंकेच्या आवाजात, "पाहुणी!" त्यापाठोपाठ ठकीही ओरडली, आणि मीही.

शेजारच्या भिंतीवर काठीने तीनदा ठोकलं गेलं.

मोठ्या बाईंचं दार उघडंच होतं. आम्ही उंबऱ्यापाशी उभे राहिलो. नवऱ्याने वरचं बटण लावलं. आत बाई खिडकीपाशी खुर्चीत बसून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होत्या. आणि त्यांच्या एका पायातल्या चपलेवर हनुवटी टेकून पाहुणी झोपली होती. आडवी. पाय ताणून. शेपूट बाहेर. पांढऱ्या टोकाची होती.

"चपला बाहेर," बाई वर न बघता म्हणाल्या. मग नवऱ्याला, "बाही." त्याने बाहीचंही बटण लावलं.

"ही इथे कशी?" मी विचारलं.

"दोन गॅलऱ्यांमधल्या पत्र्याखालून येते. तिथे फट आहे, सेक्रेटरीला किती वेळा सांगितलं. सकाळी येते, बसते, अंधार पडला की जाते."

"तुम्ही तिला काय देता?"

"काही नाही. मी कशाला देऊ? मला कुत्री आवडत नाहीत."

"मग ती का येते?"

"तिला विचार."

ताई दारातच खाली बसल्या होत्या आणि हसत होत्या. मी त्यांना म्हटलं, "पण आम्ही तर नियम अगदी..."

"तुम्ही दिवसभर श्वास रोखून, भिंतीला टेकून, आवाज न करता तिच्या आजूबाजूला फिरत होतात," ताई म्हणाल्या. "असं दबा धरून कोण फिरतं? तिला वाटलं असेल, आता हे तिघे उडी मारणार. या बाईंनी मात्र खरंच लक्ष दिलं नाही."

"मला काय करायचंय लक्ष देऊन," बाई म्हणाल्या आणि कोड्यात एक अक्षर भरलं.

आता इथवर आलोच होतो, तर मी धीर केला. "बाई, त्या तक्रारीचं... आम्ही आवाज होऊ नये म्हणून खूप काळजी घेतली. तरी तुम्हाला त्रास झाला असेल तर..."

बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "कसली तक्रार?"

"सेक्रेटरी म्हणाले, आवाजाची."

"मी त्याला म्हटलं, शेजारी लहान मूल आहे आणि घरातून आवाज येत नाही. एरवी दिवसभर धुडगूस असतो. काय झालंय ते जाऊन बघून ये. त्याने काय केलं?"

"समिती आणली."

"प्रश्न पूर्ण न वाचता उत्तर लिहायची सवय," बाई म्हणाल्या. "शाळेपासून आहे त्याला."

मग बाई पुन्हा कोड्याकडे वळल्या आणि जरा चिडूनच म्हणाल्या, "तुमच्या सकाळच्या मिक्सरच्या आवाजावर मी रक्तदाबाची गोळी घेते. किती वर्षं झाली. तो बंद केलात, आणि माझी गोळी राहायला लागली. एक दिवस स्वयंपाकघरात चक्कर येऊन बसले. निदान सांगायचं तरी."

आम्ही आमचं घर पाहुणीसाठी इतकं शांत केलं होतं, आणि भिंतीपलीकडे त्या शांततेत एक म्हातारी बाई जमिनीवर बसली होती. हे माझ्या काळजीच्या भल्यामोठ्या यादीत कुठेच नव्हतं.

"परत नेणार?" ठकीने ताईंना विचारलं. मोठ्याने.

"कशाला?" ताई म्हणाल्या. "घर तर तिने निवडलंय. एवढंच की त्यातलं अर्धं शेजारी आहे."

यावर सेक्रेटरींचं म्हणणं असं पडलं की एका कुत्र्याची नोंद दोन सदनिकांत होत नाही. ते पाठीला पट्टा बांधून स्वतः सांगायला आले होते. मोठ्या बाईंनी त्यांना आत बोलावून त्यांच्या जुन्या शुद्धलेखनाविषयी काही प्रश्न विचारले. विषय मिटला.

बेल पुन्हा लावली. मोजे खुर्च्यांवरून पायात आले. ठकी बाकावर बसते, आणि वर्गात फार बोलते अशी आता तक्रार आहे, ती मी मन लावून ऐकते. पाहुणी अजून छत्रीला घाबरते, नवऱ्याच्या शिंकेलाही. पण ओरडाआरडा चालू असला की ती पलंगाखालून बाहेर येऊन मधोमध बसते, कारण ओरडणारी माणसं दबा धरून बसलेली नसतात. सकाळी मी मिक्सर लावते, काही वाटायचं नसलं तर रिकामाच फिरवते, आणि मग थांबते. थोड्या वेळाने भिंतीवर काठी वाजते. एकदाच. म्हणजे गोळी घेतली. हे आम्ही कधी ठरवलं नव्हतं.

आता मी हे लिहितेय ती सासूबाईंकडून. त्या न्हाणीघरात घसरल्या आणि मनगट मोडलं, म्हणून आम्ही तिघंही इथे आलोय. पाहुणीला गाडी लागते, ती बाईंकडे ठेवलीय. बाईंनी "मला कुत्री आवडत नाहीत" एवढं म्हणून तिचं भांडं आत घेतलं. पण बाई फोन उचलत नाहीत. फोन म्हणजे न विचारता घरात घुसणं, असं त्यांचं तत्त्व आहे. समोरच्या वहिनी बहिणीकडे गेल्यात. म्हणून सेक्रेटरींना जाऊन बघायला सांगितलं, तर त्यांचं उत्तर आलं: "घरातून कोणताही आवाज नाही, सबब सर्व ठीक आहे."

तेव्हापासून माझा डोळ्याला डोळा नाही. नवरा म्हणतो, तू उगाच काळजी करतेस. करते. पण यावेळी मला नीट ठाऊक आहे, कशाची.

तर तुम्ही त्या बाजूला जाणार असाल, तर एवढं करा. ज्या इमारतीच्या लिफ्टमध्ये प्राण्यांना उद्देशून सूचना लावलीय, ती आमची. चौथा मजला. आमची किल्ली चौकीदाराकडे आहे. आत जा, ओट्यावर मिक्सर आहे, तो रिकामाच फिरवा, चांगला जोरात. मग डावीकडच्या भिंतीला कान लावून उभे राहा. काठी वाजली तर निघालात तरी चालेल. नाही वाजली, तर शेजारची बेल वाजवा. बाईंनी दार उघडून तुम्हाला झापलं, चपला कुठे काढायच्या ते सुनावलं, तुम्हाला शर्टाचं बटण लावायला लावलं, तर सगळं उत्तम आहे, मला कळवायचीही गरज नाही.

पण त्या जर गोड बोलल्या, "ये बाळ, बस" म्हणाल्या, तर तिथून हलू नका. डॉक्टरांना बोलवा, मग मला. आणि पाहुणीकडे नाही बघितलंत तरी चालेल. बाईंकडे मात्र नीट बघा.